थंड सिलिंडर आधी तपासा

मुरुडच्या किनाऱ्यावर नौकेची ओळख सिलिंडरच्या संख्येवरून होते. सोसायटीच्या नोंदीत, डिझेलच्या हिशेबात आणि नौका विकत घेतानाही पहिला प्रश्न असतो तो दोन सिलिंडर, चार की सहा, हाच. एकदऱ्यापासून राजपुरीपर्यंत धक्क्याला लागलेल्या नौकांच्या पोटात बसवलेली इंजिने मुख्यतः डिझेलची आहेत. त्यांत मुळात मालट्रकसाठी घडवलेली आणि नंतर समुद्रासाठी फेरफार केलेली सहा सिलिंडरची इंजिनेही पुष्कळ दिसतात. एवढे असूनही नौका एकदा समुद्रात गेली की त्या सहा सिलिंडरांची एकेकट्याने विचारपूस होत नाही. तांडेलासमोरच्या काट्यांवर पाण्याचे तापमान, तेलाचा दाब आणि इंजिनाचे फेरे दिसतात. कोणत्या सिलिंडरमधून किती गरम वायू बाहेर पडतो आहे, हे मात्र कोणताच काटा सांगत नाही. कधी कोणी तापमापक आणून एक्झॉस्टच्या सहा नळ्या मोजल्या आणि त्यांतली एखादी इतरांपेक्षा साठ-सत्तर अंशांनी वेगळी निघाली, की लक्ष आपोआप सगळ्यांत गरम नळीकडे जाते. तिचे नोझल बदलले जाते, प्रसंगी हेड उतरवले जाते. माझे म्हणणे असे की, या क्रमाने गेल्यास पुष्कळदा निरोगी सिलिंडरवर उपचार होतात. तपासाची सुरुवात सगळ्यांत थंड सिलिंडरपासून करायला हवी, आणि त्यामागे इंजिनाच्या रचनेतले ठोस कारण आहे.

आधी ही उष्णता येते कुठून ते पाहू. डिझेल जळून जेवढी ऊर्जा निघते तिचा साधारण एक तृतीयांश किंवा थोडा जास्त भाग शाफ्टवाटे पंख्यापर्यंत पोचतो. जवळजवळ तेवढाच भाग एक्झॉस्टवाटे निघून जातो आणि उरलेला पाणी, तेल आणि इंजिनाचे अंग तापवण्यात खर्च होतो. म्हणजे एक्झॉस्टच्या तापमानात तीन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात : त्या सिलिंडरला डिझेल किती मिळाले, हवा किती मिळाली आणि डिझेल वेळेवर जळून त्याचे काम झाले की नाही. पहिल्या गोष्टीचे प्रमाण किती सूक्ष्म आहे ते हिशेब केल्यावर कळते. शंभर अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांवर पूर्ण ताकदीने चालले तर तासाला सुमारे १९ लिटर डिझेल खाते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा डिझेल फवारले जाते, म्हणजे सहा सिलिंडर मिळून तासाला ३,२४,००० फवारे. भागाकार केला की एका फवाऱ्याला जेमतेम ६० घन मिलिमीटर डिझेल येते, पाण्याच्या एका थेंबाएवढे. डिझेल पंपातला एखादा प्लंजर झिजून त्याच्या सिलिंडरला दहा टक्के कमी डिझेल देऊ लागला, तर तो फरक थेंबाच्या दहाव्या भागाचा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. तापमानात मात्र तो लपत नाही. पूर्ण भारावर एक्झॉस्ट ४८० अंश सेल्सिअस आणि आत येणारी हवा ४० अंश धरली, तर डिझेलमुळे वाढलेले तापमान ४४० अंश होते. त्याचा दहावा भाग म्हणजे चाळीसेक अंश. हिशेब ढोबळ आहे, पण थेंबाचा दहावा भाग चाळीस अंशांचा फरक पाडतो हे कळले की या मोजमापाची किंमत कळते.

आता मुख्य मुद्दा, गव्हर्नरचा. तांडेल दांडा एका जागी ठेवतो तेव्हा तो इंजिनाला फेऱ्यांची संख्या नेमून देतो, आणि ती राखण्याचे काम गव्हर्नर करतो. फेरे कमी होऊ लागले की पंपातली दांडी सरकते आणि डिझेल वाढते. ही दांडी सर्व सिलिंडरांसाठी एकच असते. कोणता सिलिंडर कमी पडला हे गव्हर्नरला कळत नाही. त्याला फक्त एकूण फेरे कळतात. समजा, सहापैकी एक सिलिंडर पूर्ण बंद पडला. पंख्याला लागणारी ताकद तेवढीच राहते, म्हणून उरलेल्या पाचांना प्रत्येकी वीस टक्के जास्त काम करावे लागते. वरच्याच हिशेबाने त्यांचे एक्झॉस्ट ऐंशी-नव्वद अंशांनी चढते. वल्हवणाऱ्या सहा जणांपैकी एकाने हात आखडला की घाम उरलेल्या पाचांना फुटतो, तसाच हा प्रकार आहे. अशा वेळी तापमापकावर पाच नळ्या गरम आणि एक थंड दिसते. त्या पाचांतही मॅनिफोल्डच्या घडणीमुळे एखादी जरा जास्तच गरम असते, आणि आजारी म्हणून तिचीच निवड होते. नोझल बदलले तरी ती गरमच राहते, कारण तिच्यात बिघाड नसतोच. ती थंड पडलेल्याचे ओझे वाहत असते. आणि दांडा आधीच शेवटपर्यंत ओढलेला असेल तर गव्हर्नरकडे वाढवायला काही उरत नाही. मग फेरेच उतरतात, नौका सुस्त होते आणि दोष डिझेलला किंवा बुडाच्या शेवाळाला दिला जातो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. गरम सिलिंडर स्वतः खरोखर बिघडलेला असू शकत नाही का? असू शकतो. नोझलची सुई नीट न बसता डिझेल ठिबकू लागले की ते उशिरा जळते. पिस्टन खाली निघाल्यावर जळणाऱ्या डिझेलकडून काम थोडे होते आणि उष्णता तशीच नळीत जाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक जळून फट पडली असेल तर जळता वायू वेळेआधीच बाहेर निसटतो. टॅपेट फार घट्ट बसवल्यानेही व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि तेच होते. हवेच्या वाटेत अडथळा असला तर तेवढ्याच डिझेलला हवा कमी पडते, तापमान वाढते आणि काळा धूर येतो. म्हणून गरम-थंड हा निवाडा एका नळीच्या आकड्यावर करू नये, सहाही आकडे शेजारी मांडून करावा. पाच नळ्या आपल्या नेहमीच्या पातळीवर किंवा तिच्यापेक्षा किंचित वर आणि एकच फार वर असेल, तर दोष त्या गरम सिलिंडरचा. एक खाली आणि पाच नेहमीपेक्षा वर असतील, तर दोष खालच्याचा. सहाही जवळजवळ सारख्याच पण नेहमीपेक्षा वर असतील, तर सिलिंडरांकडे पाहूच नये. मग पाहावे ते हवेच्या फिल्टरकडे, पंपाच्या टायमिंगकडे, वाकलेल्या किंवा जाळे गुंतलेल्या पंख्याकडे आणि बुडाला चिकटलेल्या कालवांकडे. कॉम्प्रेशन कमी झालेला सिलिंडर मात्र दोन्हीकडे सापडतो. थोडे कमी असेल तर डिझेल उशिरा पेटून नळी गरम होते. फार कमी असेल तर ते पेटतच नाही, नळी थंड राहते आणि पांढरा धूर दिसतो. म्हणूनच तापमान फक्त जागा दाखवते. रोग कोणता, हे पुढच्या तपासातून ठरवावे लागते.

हा सगळा तर्क मोजमापावर उभा आहे, आणि मोजमापात फसायला पुष्कळ जागा आहेत. सगळ्यांत मोठी जागा अशी की, समुद्री इंजिनांच्या मॅनिफोल्डला बहुधा पाण्याचे वेष्टण असते. बाहेरून लाल ठिपक्याचा तापमापक रोखला तर तो त्या वेष्टणातल्या पाण्याचे तापमान सांगतो, साठ-सत्तर अंश, आणि आत वायू पाचशे अंशांवर धावत असतो. अशा इंजिनावर खरा उपाय एकच, प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी भोक पाडून थर्मोकपल बसवणे. सहाही ठिकाणी ते सारख्याच खोलीवर बसवायला हवे, कारण नळीच्या कडेला आणि मध्यभागी तापमान वेगळे असते. मॅनिफोल्ड कोरडा असेल तर लाल ठिपक्याचा तापमापक चालतो. तरी हे ध्यानात घ्यावे की तो ठिपका फक्त नेम धरण्यासाठी असतो. उपकरण त्या ठिपक्याभोवतीच्या वर्तुळाची सरासरी घेते आणि लांबून धरले तर ते वर्तुळ शेजारच्या नळीवर जाते. गंजलेले बीड उष्णता भरपूर उत्सर्जित करते, चकचकीत धातू फार कमी. त्यामुळे एक नळी गंजलेली आणि दुसरी नुकतीच घासलेली असेल, तर सारख्याच तापमानाला आकडे शंभर अंशांनीही वेगळे येऊ शकतात. सहाही नळ्यांवर एकाच जागी उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका दिला की हा घोळ मिटतो. कोविडच्या काळात घरोघरी आलेले कपाळाचे तापमापक इथे निरुपयोगी आहेत. त्यांची धाव अंगातल्या तापापुरतीच असते. कोणी म्हणेल, काही हजारांचे उपकरण कितीसे अचूक असणार? नेमके तापमान सांगण्यात ते चुकेल हे खरे, पण आपल्याला हवी आहे ती तुलना. एकाच उपकरणाने, एकाच अंतरावरून, एकाच रंगाच्या ठिपक्यावर घेतलेल्या सहा आकड्यांत उपकरणाची चूक साधारण सारखीच शिरते, म्हणून त्यांच्यातला फरक बराच विश्वासार्ह राहतो.

इथे एक इशारा तातडीचा आहे. एक्झॉस्टवर गुंडाळलेले उष्णतारोधक वेष्टण मोजण्यासाठी सोडले, तर मोजून झाल्याबरोबर परत बांधायलाच हवे. जुन्या नौकांवर ते ॲस्बेस्टॉसच्या दोरीचे असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून ते कोरडे ओरबाडू नये आणि जमल्यास काचतंतूच्या पट्टीने बदलावे. मोठ्या जहाजांसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की, २२० अंशांपेक्षा जास्त तापणारा आणि गळके तेल पडू शकेल असा प्रत्येक पृष्ठभाग झाकलेला असावा. कारण साधे आहे : तेवढ्या तापलेल्या धातूवर डिझेल पडले तर ते ठिणगीशिवायही पेटू शकते. लाकडी नौकेत, बंद कप्प्यात, नोझलची गळकी परतनळी आणि उघडा मॅनिफोल्ड यांच्यात वीतभर अंतर असते. एका सिलिंडरचे काम ओढून पाच नळ्या नव्वद अंशांनी चढल्या की हा धोकाही तेवढाच चढतो. तापमान मोजण्याचा आग्रह मी धरतो तो केवळ डिझेल वाचवण्यासाठी नाही.

मोजायचे कधी, हाही प्रश्न आहे. धक्क्याला बांधलेल्या नौकेचे इंजिन रिकामे फिरवून घेतलेले आकडे मला अपुरे वाटतात. रिकाम्या फेऱ्यांवर फवाऱ्यातले डिझेल इतके थोडे असते की पंपाच्या दोन प्लंजरांतला किरकोळ फरकही मोठा दिसतो, आणि भारावर तो विरून जातो. उलट, भारावरच उघडा पडणारा दोष रिकाम्या इंजिनात झाकलेला राहतो. म्हणून खाडीबाहेर पडल्यावर, नेहमीच्या चालीवर फेरे स्थिर ठेवून वीसेक मिनिटे जाऊ द्यावीत, आणि मग आकडे घ्यावेत. तेही फेऱ्यांच्या संख्येसह वहीत लिहावेत. लिहिण्याचा आग्रह यासाठी की, निरोगी इंजिनाच्या सहा नळ्याही कधीच तंतोतंत सारख्या नसतात. समाईक मॅनिफोल्डमध्ये पुढच्या सिलिंडरांचा वायू मागच्यांच्या तोंडावरून जातो आणि त्यांचे आकडे वर ढकलतो. ही त्या इंजिनाची ठेवण झाली. तीन क्रमांकाची नळी नेहमीच पंधरा-वीस अंश वर असेल तर ते तिचे निरोगी रूप आहे. एका महिन्यात ती अचानक इतरांच्या बरोबरीला आली, तर आकडे सुबक दिसत असले तरी काहीतरी बिघडले आहे. राजपुरीच्या खाडीपलीकडे दिघी बंदरात येणाऱ्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टचे तापमान सतत नोंदले जाते. एखादा सिलिंडर सरासरीपासून साधारण पन्नास अंश ढळला की घंटा वाजते. तिथेही लक्ष ठेवले जाते ते सरासरीपासूनच्या ढळण्यावर. खाडीच्या अलीकडच्या नौकेला घंटा परवडणार नाही, वही नक्की परवडेल.

थंड सिलिंडर सापडल्यावर पुढची पायरी भाग विकत आणण्याची नसून भागांची अदलाबदल करण्याची आहे. दोन क्रमांकाची नळी थंड असेल तर तिचे नोझल पाच क्रमांकाला लावावे आणि पाचचे दोनला, मग त्याच चालीवर पुन्हा मोजावे. थंडपणा पाचवर गेला तर दोष नोझलचा. दोनवरच राहिला तर नोझल सुटले आणि संशय डिझेलची नळी, पंपाचा प्लंजर, टॅपेट आणि कॉम्प्रेशन यांच्यावर आला. टॅपेट फिलर गेजने तपासायला खर्च नाही, म्हणून तो आधी, मग डिझेल पंप कॅलिब्रेशनसाठी, त्यानंतर कॉम्प्रेशन, आणि हेड उतरवणे अगदी शेवटी. या अदलाबदलीला खर्च फक्त दोन तांब्याच्या वॉशरांचा येतो, आणि ते जुने पुन्हा वापरू नयेत, कारण त्यांतून कॉम्प्रेशन गळले तर नवाच घोळ होतो. किनाऱ्यावर रूढ असलेला दुसरा मार्ग म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला सहाही नोझले एकदम बदलणे. त्यात वेळ वाचतो हे मान्य आहे. पण दोष पंपात असेल तर पैसे गेले आणि दोषही राहिला. आणि नवी नोझले वेगवेगळ्या दाबावर उघडणारी असतील तर आधी नसलेली विषमता आपणच इंजिनात घातली. जुनी असोत वा नवी, सर्व नोझले टेस्टरवर एकाच दाबाला लावून घेतल्याशिवाय बसवू नयेत.

सगळ्यांत वजनदार आक्षेप जुन्या मेकॅनिकांचा आहे, आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. चालत्या इंजिनाच्या एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करायचा आणि आवाज ऐकायचा : इंजिन दबले तर तो सिलिंडर काम करत होता, काहीच फरक पडला नाही तर तो मेलेला होता. या परीक्षेमागचे शास्त्र पक्के आहे. सिलिंडरचे योगदान काढून घेऊन ते मोजणे, हेच तिच्यात होते. तापमापक तिला खोटे पाडत नाही. पण मेलेला सिलिंडर ती जितक्या स्पष्टपणे दाखवते तितका अर्धवट कमी पडणारा दाखवत नाही. थेंबाच्या दहाव्या भागाचा फरक अनुभवी कानालाही हुकतो, आणि गव्हर्नर लगेच डिझेल वाढवून फेरे सावरतो त्यामुळे तो आणखी झाकला जातो. त्यात धोकाही आहे. सैल केलेल्या नटातून शेकडो बार दाबाने निसटणारी बारीक धार कातडी भेदून आत शिरू शकते आणि अशी जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी हात गमावण्याची पाळी येते. नव्या कॉमन रेल इंजिनांत हा दाब हजार बारच्या पुढे जातो. तिथे ही परीक्षा कोणीही, कधीही करू नये. जुन्या पद्धतीच्या पंपावर आधी तापमानाने संशयित ठरवावा, मग मेकॅनिकने हात लांब ठेवून, चिंधी धरून, त्याच एका सिलिंडरवर नटाची परीक्षा घ्यावी. कान आणि तापमापक एकाच सिलिंडरकडे बोट दाखवत असतील तर शंकेला जागा उरत नाही.

या किनाऱ्यावर ही विषमता कधी डोके वर काढते, याचेही एक कारण आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी असते. दोन महिने नौका वर ओढलेली, इंजिन उभे. टाकी अर्धी रिकामी असेल तर दमट हवेतले पाणी आत साकळते, तळाशी बसते, आणि ऑगस्टच्या पहिल्या फेरीत पंप आणि नोझलपर्यंत पोचून त्यांना गंजवते. पण गंज सहाही सिलिंडरांत सारखा का लागत नाही? चार स्ट्रोकच्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश काळ उघडा असतो. म्हणजे सहा सिलिंडरचे इंजिन कुठेही थांबले तरी एकदोघांचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच राहतो. सायलेन्सरच्या उघड्या तोंडातून आषाढाची खारट दमट हवा, कधी पावसाचे पाणीही, नेमक्या त्याच सिलिंडरांत उतरते. तिथला लायनर गंजतो, रिंगा अडकतात, आणि ऑगस्टमध्ये त्याच सिलिंडरांचे कॉम्प्रेशन कमी भरते. इतरांना काही झालेले नसते. उपाय कष्टाचा नाही. सायलेन्सरचे तोंड पक्के झाकावे आणि झाकल्याची पाटी स्टार्टरवर लावावी. आठवड्यातून एकदा इंजिन हाताने फिरवावे, म्हणजे लायनरवर तेलाचा थर टिकतो. फिरवताना दोन पूर्ण फेरे देऊन थांबू नये, कारण दोन फेऱ्यांनी इंजिन पुन्हा त्याच स्थितीला येते आणि तेच व्हॉल्व्ह उघडे राहतात. एक किंवा तीन फेरे द्यावेत. मग आधी उघडा असलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटतो.

आणि हे सगळे बाजूला राहून भर समुद्रात, जाळे पाण्यात असताना, एक नळी थंड आणि पाच चढलेल्या सापडल्या तर? त्या क्षणी दुरुस्तीचा मोह टाळावा आणि दांडा कमी करावा. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. १८०० फेऱ्यांवरून १६२० वर आले, म्हणजे फेरे दहा टक्क्यांनी उतरवले, की ताकद सत्तावीस टक्क्यांनी उतरते. एक सिलिंडर पूर्ण मेला असला तरी उरलेल्या पाचांवर प्रत्येकी पडणारा भार मग सहाही चालू असताना पूर्ण चालीवर पडत होता त्याहून कमीच भरतो. घरी पोचायला तास-दीड तास जास्त लागेल. मेलेल्या सिलिंडरच्या नोझलमधून न जळलेले डिझेल लायनर धुऊन खालच्या तेलात उतरत असते, म्हणून पोचल्यावर तेलाची काडी पाहावी, पातळी वाढलेली किंवा तेलाला डिझेलचा वास असेल तर तेल बदलावे, आणि मगच इंजिन पुन्हा सुरू करावे.